सेकंड हँड डिझेल गाडीच्या इंजिनाची बेअरिंग गेली म्हणतात, 70 हजार खर्च करू का?

तुमचा प्रश्न असा दिसतोय: साडेतीन लाखांना घेतलेली 2015 ची डिझेल गाडी, गरम झाली की इंजिनातून खटखट आवाज, आणि गॅरेजवाला म्हणतो, "बेअरिंग गेली, फुल इंजिन करावं लागेल, 70 हजार." मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगचं, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा घासून मापात आणायचं काम करतो, त्यामुळे अशी इंजिनं रोज बघतो.

आधी गाडी चालवणं बंद करा. गॅरेजलासुद्धा टो करूनच न्या. क्रँक आणि बेअरिंगच्या मधल्या फटीत तेलाचा अगदी पातळ थर असतो. झिजून ती फट वाढली की तेल दाबाने टिकत नाही आणि धातूवर धातू घासतो. मग बेअरिंगचा शेल, म्हणजे तिचा अर्धगोल पत्रा, जागेवरून फिरतो आणि कधीकधी पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य अंग, फोडतो. आज वाचणारा क्रँक तेवढ्यात जातो. जाड ऑइल किंवा कसलं औषध टाकून आवाज दाबायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. गाडी विकताना हीच युक्ती करतात.

दुसरं, 70 हजारांना लगेच हो म्हणू नका. कुठली बेअरिंग, ते विचारा. अल्टरनेटरची किंवा पट्टा ताणणाऱ्या टेन्शनर पुलीची असेल तर काम फारच स्वस्तात होतं. बाहेरचा पट्टा उतरवून इंजिन काही सेकंद चालवलं की ते लगेच कळतं. डिझेलमध्ये इंजेक्टरही असाच ठोकतो. एकेका इंजेक्टरचं कनेक्शन काढून बघतात, पण आवाज कमी झाला तरी दोष इंजेक्टरचा की त्या रॉडच्या बिग एन्डचा, म्हणजे क्रँककडच्या टोकाच्या बेअरिंगचा, ते ठरत नाही. म्हणून ऑइल प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून गरम इंजिनाचा दाब मोजायला लावा आणि ऑइल फिल्टर कापून बघा. बेअरिंगचा थर ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा असतो, त्यामुळे त्याचा चकाकणारा चुरा लोहचुंबकाला चिकटत नाही.

तिथेही संशय राहिला तर चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उघडून बिग एन्डची एक कॅप काढायला सांगा, आणि त्या वेळी तुम्ही स्वतः हजर राहा. पुष्कळ गाड्यांत यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही. चांगला शेल एकसारखा राखाडी दिसतो. गेलेल्या शेलवर ओरखडे असतात, खालचा थर उघडा पडलेला असतो. मग क्रँकच्या जर्नलवरून, म्हणजे बेअरिंग बसते त्या गुळगुळीत भागावरून, नख आडवं फिरवा. नख कुठेच अडकलं नाही आणि मायक्रोमीटरवर माप बरोबर आलं, तर नुसते शेल बदलून भागतं. अडकलं तर क्रँक 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ग्राइंड करून अंडरसाइज, म्हणजे त्या मानाने जाड शेल घालतात. काही क्रँक ग्राइंड करता येत नाहीत, काहींना अंडरसाइज शेल मिळत नाहीत. ते इंजिन पूर्ण खोलायच्या आधी विचारून घ्या. मापं कागदावर लिहून मागा, कारण बिल त्यांवरच ठरतं.

बेअरिंग का गेली, हे शोधल्याशिवाय इंजिन परत जोडू देऊ नका. चेंबरमधली जाळी तुंबली का, ऑइल पंप झिजला का, ऑइल कूलरमध्ये चुरा राहिला का, सगळं बघायला हवं. ह्युंदाईने 2015 मध्ये अमेरिकेत सुमारे 4 लाख 70 हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या, त्या क्रँकच्या मशिनिंगमध्ये राहिलेल्या धातूच्या कणांमुळे. कण तेलाची वाट अडवतात आणि नवी बेअरिंगही खातात. रॉडचे बोल्टही नवेच घाला, अनेक इंजिनांत ते एकदाच वापरायचे असतात.

मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारातून जुनं इंजिन आणून बसवायचा सल्ला मिळेल. ब्लॉक फुटला असेल तर त्याचा विचार करा, पण नवा इंजिन क्रमांक आरटीओत आरसीवर चढवावाच लागतो, नाहीतर पुढे विमा आणि विक्री दोन्ही अडतात. साध्या मोटार विम्यात झिजेचं काम बसत नाही. गाडी डीलरकडून घेतली असेल तर आधी वॉरंटीचा कागद वाचा आणि इंजिन उघडण्यापूर्वी त्याला लेखी कळवा. तो दाद देत नसेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

क्रँक वाचत असेल आणि बॉडी, गिअरबॉक्स धड असतील तर मी खर्च करीन. जुने शेल मागून घ्या आणि काम झाल्यावर पहिलं ऑइल आणि फिल्टर हजार किलोमीटरच्या आत बदला.