जुन्या संघाविरुद्ध अंतिम सामना: काय वापरावे, काय वापरू नये

प्रश्न: एका महिला फुटबॉल संघाला मी आठ वर्षे प्रशिक्षण दिले आणि दोन हंगामांपूर्वी दुसऱ्या क्लबकडे आलो. यंदा अजिंक्यपदाचा अंतिम सामना याच दोन संघांमध्ये आहे. आमच्या व्यवस्थापनाला जुन्या संघातील प्रत्येक खेळाडूच्या उणिवा लेखी हव्या आहेत. तिथल्या मुख्य स्ट्रायकरला मोठ्या सामन्याआधी भीतीचे झटके येतात, हे तिने फक्त मला विश्वासाने सांगितले होते. ‘सर, आम्हाला हरवायला येणार ना?’ असा त्यांच्या कर्णधाराचा निरोप आला आहे आणि इकडे माझ्याच खेळाडूंना वाटते की मी हात आखडता घेईन. मला झोप लागत नाही. या सामन्यापुरते बाजूला व्हावे का? – एक प्रशिक्षक

उत्तर: बाजूला होऊ नका. तसे केल्याने तुमच्या मनावरचा ताण कदाचित हलका होईल, पण ज्या मुली वर्षभर तुमच्या शब्दावर धावल्या, त्यांना सर्वांत मोठ्या दिवशी प्रशिक्षकाविना उतरावे लागेल आणि तुमच्याविषयीची त्यांची शंका खरी ठरेल. क्लब बदलणे ही फितुरी नव्हे. कराराची मुदत संपते, माणसे पुढे जातात आणि कधीतरी समोरासमोर येतात. कार्लो अँचेलोटी 1999 ते 2001 या काळात इटलीच्या युव्हेंटस क्लबचे प्रशिक्षक होते, आणि 28 मे 2003 रोजी मँचेस्टरमध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबस्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते त्याच युव्हेंटससमोर एसी मिलानचे प्रशिक्षक म्हणून उभे राहिले. समोरच्या कितीतरी खेळाडूंना त्यांनी स्वतः घडवले-खेळवले होते, तरीही 120 मिनिटांत एकही गोल झाला नाही आणि मिलानला पेनल्टींवर 3–2 असे जिंकावे लागले. जुन्या ओळखीच्या बळावर सामना आपोआप जिंकता येत नाही, हे तुमच्या व्यवस्थापनालाही सांगून ठेवा.

तुमच्या पत्रातला खरा पेच त्या लेखी यादीचा आहे, आणि तिथे माझे मत अगदी स्पष्ट आहे. मैदानावर जे दिसते ते तुमचे आहे. त्यांची गोलरक्षक उंच क्रॉसवर पुढे यायला कचरते, डावी बचावपटू चढाईला गेली की परतायला उशीर करते, कॉर्नरच्या वेळी त्या जवळच्या खांबापाशी कोणाला उभे करतात, हे सारे कोणताही जाणकार प्रेक्षक चार सामने पाहून टिपू शकतो. तुम्ही ते अधिक लवकर आणि अधिक नेमके टिपले आहे, एवढेच. ते निःसंकोच वापरा. अमेरिकन फुटबॉलमधले प्रशिक्षक जॉन ग्रुडेन 2002 मध्ये रेडर्स संघ सोडून टँपा बे बकनीअर्सकडे गेले आणि 26 जानेवारी 2003 रोजी सुपर बोलमध्ये, म्हणजे तिथल्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, त्यांची गाठ रेडर्सशीच पडली. त्या सामन्याच्या सरावात प्रतिस्पर्ध्यांचा क्वार्टरबॅक (पास फेकून चढाई चालवणारा खेळाडू) रिच गॅनन याची भूमिका ते स्वतः वठवत होते, म्हणजे गॅनन कसा खेळेल हे त्यांच्या बचावपटूंना आधीच पाहायला मिळाले. प्रत्यक्ष सामन्यात गॅननचे 5 पास टँपा बेने अडवून पकडले आणि सामना 48–21 असा जिंकला. यात मला काहीही गैर दिसत नाही. माजी प्रशिक्षक समोर असताना आपल्या खुणा आणि सवयी बदलण्याची जबाबदारी जुन्या संघाची असते.

त्या स्ट्रायकरची भीती मात्र या यादीत येत नाही. ती तिने तुम्हाला प्रतिस्पर्धी म्हणून दाखवली नव्हती. दार लावून, बहुधा रडवेल्या आवाजात, आपला माणूस समजून सांगितली होती. ती माहिती तिचीच आहे आणि तुमचा करार संपला म्हणून ती खुली होत नाही. लेखी यादीत नको, सहायकाच्या कानात नको, ‘हिला सुरुवातीलाच दोन धक्के द्या, ती गडबडते’ अशा आडवळणानेही नको. व्यवस्थापनाने आग्रह धरलाच, तर खेळाविषयी सर्व देईन, खासगी काही देणार नाही, असे एका वाक्यात सांगा आणि कोणाविषयी काय ठाऊक आहे याचा पुसटसा इशाराही देऊ नका. अशा ठाम नकारामुळे तुमच्या आताच्या खेळाडूंनाही कळेल की त्यांनी सांगितलेले उद्या दुसऱ्या क्लबच्या फाइलमध्ये जाणार नाही.

आणखी एका गोष्टीकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही. त्या मुलीही तुम्हाला आठ वर्षे ओळखतात. साठाव्या मिनिटाच्या सुमारास तुम्ही कोणत्या प्रकारचा बदल करता, सीमारेषेवरून कोणता हात वर केला की संघ पुढे सरकून दबाव आणतो, पिछाडीवर असताना तुम्ही कोणाकडे पाहता, हे त्यांच्या कर्णधाराला पाठ असणार. या आठवड्यात त्यांच्या उणिवांइतकाच वेळ स्वतःच्या सवयी तपासण्यात घालवा आणि खुणा बदला.

कर्णधाराच्या निरोपाला उत्तर अवश्य द्या, पण त्यात खुलासे किंवा माफी नको. ‘होय, जिंकायलाच येणार आहे. तुम्हीही त्याच तयारीने या,’ एवढे लिहा. यापेक्षा कमी तयारीने तुम्ही आलात, तर तो तिच्या खेळाचा अपमान ठरेल. तो निरोप आणि तुमचे उत्तर आताच्या संघाला सरावाआधी वाचून दाखवा. जुन्या संघाविषयी तुम्हाला माया आहे हेही लपवू नका. मुलींच्या मनातली शंका तुमच्या गप्प राहण्यानेच वाढते आहे.

गोल झाला तर आपल्या खेळाडूंबरोबर मोकळेपणाने आनंद करा. माजी क्लबविरुद्ध गोल केल्यावर काही खेळाडू हात जोडून शांत राहतात. पण तुमच्या मुलींचे डोळे त्या क्षणी बाकाकडे वळतील, तेव्हा तिथे त्यांना ओशाळलेला चेहरा दिसू नये. शिट्टी वाजल्यावर आधी त्यांच्याकडे जा, मग समोरच्या प्रत्येकीशी हस्तांदोलन करा आणि स्ट्रायकरपाशी इतरांपेक्षा जास्त रेंगाळू नका, कारण लोक पाहत असतात. तुम्ही हरलात, तर अभिनंदनाचा फोन त्याच संध्याकाळी करा. जिंकलात, तर त्यांना काही दिवस एकटे सोडा आणि पहिला फोन त्यांच्याकडून येऊ द्या.