भावावर गुन्हा दाखल झालाय? आधी एवढंच करा

हातपाय गळणं साहजिक आहे. आमच्या घरी हे घडलं तेव्हा पहिली रात्र मी नातेवाइकांना फोन करण्यात घालवली, वकिलाला सकाळी गाठलं. तुम्ही उलटं करा. आणि वकील फौजदारी खटले चालवणाराच हवा. जमिनीचे कागद बघणारा ओळखीतला नको.

‘तू खरंच केलंस का?’ हे भावाला विचारू नका. ओठांवर येतं, माहीत आहे. पण त्याने सांगितलेलं उद्या तुम्हालाच साक्षीला उभं करून विचारलं जाऊ शकतं. ते त्याला वकिलाशी बोलू द्या. कोठडीतलं बोलणं कुणीतरी ऐकतंय असं धरूनच चाला. जेवलास का, झोप लागते का, बस्स.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- तक्रारदाराची समजूत घालायला जाणं. तो दबाव ठरतो, जामीन अडकतो.
- घाबरून मेसेज पुसणं. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे.
- फेसबुकवर बाजू मांडणं.

एक वही ठेवा: तारखा, दिलेले पैसे, पावत्या. घटनेबद्दल मात्र त्यात अवाक्षर नको.

अपिलाचा विचार आत्ता नकोच. पुढची तारीख कधी आहे, ते आज वकिलाला विचारून घ्या.