लिनिअर अल्जिब्राइक ग्रुप शिकण्याआधी स्कीमची भाषा पूर्ण यायलाच हवी का?

स्कीमची (म्हणजे व्हरायटीच्या आधुनिक, व्यापक रूपाची) भाषा आत्मसात झाल्याशिवाय लिनिअर अल्जिब्राइक ग्रुप, म्हणजे बहुपदी समीकरणांनी ठरणारे मॅट्रिक्सचे ग्रुप, हा विषय हाती घेऊ नये असे आपल्याला सांगण्यात आले आहे, आणि ते खरे आहे का व पुस्तक कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते खरे नाही. अल्जिब्राइकली क्लोज्ड फील्डवरील (जेथे प्रत्येक अचर नसलेल्या बहुपदीला मूळ असते अशा फील्डवरील) व्हरायटी, म्हणजे बहुपदी समीकरणांच्या उकलींचे संच, त्यांची मिती, टँजंट स्पेस आणि प्रोजेक्टिव्ह व्हरायटी कम्प्लीट असतात हा सिद्धान्त, एवढे नीट येत असेल तर या विषयाचा पाया घालणारे गणितज्ञ बोरेल यांचे १९५६ सालचे काम समजू शकते. त्यातील मुख्य सिद्धान्त असा: कनेक्टेड सॉल्व्हेबल ग्रुप कम्प्लीट व्हरायटीवर क्रिया करत असेल तर एक तरी बिंदू स्थिर राहतो. सर्व बोरेल सबग्रुप (सर्वांत मोठे क्लोज्ड, कनेक्टेड, सॉल्व्हेबल सबग्रुप) परस्परांचे कॉन्ज्युगेट असतात हे त्यातूनच निघते.

आधी स्कीम शिका, हाच सल्ला मलाही संशोधनाच्या सुरुवातीला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दिला होता, आणि मॅट्रिक्स म्हणजे कुबड्या आहेत, असे ते भर सेमिनारमध्ये म्हणत. ब्रूहा डिकॉम्पोझिशन (बोरेल सबग्रुपच्या आधारे ग्रुपची तुकड्यांत केलेली विभागणी) मांडण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी सिद्धतेच्या आधी एसपी-४ हा ग्रुप, म्हणजे चार मितींच्या अवकाशातील एक आल्टरनेटिंग फॉर्म न बदलणाऱ्या मॅट्रिक्सचा ग्रुप, दोन घटकांच्या फील्डवर घेतला. चार मितींच्या त्या अवकाशात एकमितीय उपावकाश १५ असतात, आणि फॉर्म आल्टरनेटिंग असल्यामुळे ते सगळेच आयसोट्रोपिक असतात, म्हणजे त्यांवर फॉर्मचे मूल्य शून्य असते. त्यांपैकी प्रत्येक उपावकाश तीन आयसोट्रोपिक प्रतलांत सामावलेला असतो, म्हणून एकूण फ्लॅग, म्हणजे असा उपावकाश आणि त्याला सामावणारे प्रतल यांच्या जोड्या, ४५ होतात. त्यांतील एक फ्लॅग निश्चित करून त्याच्या स्टॅबिलायझरच्या, म्हणजे बोरेल सबग्रुपच्या, ऑर्बिट मी फळ्यावर एकेक करून काढल्या: १, २, २, ४, ४, ८, ८ आणि १६. ऑर्बिट आठ, वेल ग्रुपचे (ग्रुपच्या रूटमधील परावर्तनांनी बनणाऱ्या सान्त ग्रुपचे) घटकही आठ, आणि प्रत्येक ऑर्बिटचा आकार म्हणजे संबंधित घटकाच्या लांबीइतका (तो घटक लिहायला लागणाऱ्या मूळ परावर्तनांच्या किमान संख्येइतका) दोनचा घात. सर्वांत मोठी सेल (ऑर्बिटशी जुळणारा तुकडा) चार मितींची का, आणि फ्लॅग व्हरायटीची, म्हणजे सर्व फ्लॅग मिळून होणाऱ्या व्हरायटीची, मितीही चारच का, हे त्या आकड्यांकडे पाहताच समजत होते. ही मोजणी आहे, सिद्धता नव्हे, असा शेरा मला मिळाला. ती सिद्धता नव्हती हे मान्यच आहे. परंतु सिद्धतेत नेमके काय सिद्ध करायचे आहे हे त्या मोजणीने दाखवले, आणि ते न पाहता रिडक्टिव्ह ग्रुपच्या व्याख्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला रूट म्हणजे काय हे कळलेले नसते, असे मी आजही ठामपणे म्हणतो.

पुस्तकाबद्दल थोडक्यात सांगतो. बोरेल, हम्फ्रीज आणि स्प्रिंगर या तिघांच्या पुस्तकांचे नाव एकच आहे. हम्फ्रीज यांनी लागणारी बैजिक भूमिती आरंभीच दिली आहे, म्हणून सुरुवात तेथून करावी. फील्ड अल्जिब्राइकली क्लोज्ड नसताना काय घडते, हे पाहण्यासाठी बोरेल यांच्याकडे वळावे.

आपला ओढा अंकगणिताकडे किंवा धन कॅरॅक्टरिस्टिककडे असेल, तर मात्र माझे उत्तर अपुरे आहे. कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये एसएल-२ (डिटरमिनंट १ असलेले २×२ मॅट्रिक्स) पासून पीजीएल-२ (स्केलर गुणक दुर्लक्षून घेतलेले व्यस्त असणारे २×२ मॅट्रिक्स) कडे जाणारे होमोमॉर्फिझम बिंदूंच्या पातळीवर एकास-एक व आच्छादक असूनही आयसोमॉर्फिझम नसते, कारण त्याच्या कर्नेलमध्ये बिंदू एकच असला तरी स्कीम म्हणून ते क्षुल्लक नसते. येथे व्हरायटीची भाषा तोकडी पडते आणि ग्रुप स्कीम शिकाव्याच लागतात. पण त्या शिकण्याआधी वरचीच मोजणी एसओ-५ (पाच मितींतील द्विघाती फॉर्म न बदलणाऱ्या मॅट्रिक्सचा ग्रुप) साठी, म्हणजे प्रोजेक्टिव्ह चतुर्मितीय अवकाशातील क्वाड्रिकवर, स्वतः करून पाहावी. दोन घटकांच्या फील्डवर तेथेही १५ बिंदू, १५ रेषा आणि ४५ फ्लॅग मिळतील; आणि एसओ-५ पासून एसपी-४ कडे कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये असेच एक होमोमॉर्फिझम जाते, जे बिंदूंवर एकास-एक व आच्छादक असूनही आयसोमॉर्फिझम नाही.