लाईटमध्ये दिसतं तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे

बाळा,

परवा संध्याकाळी गॅरेजवर तुमचा एबीएसवरनं, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या सोयीवरनं, वाद चाललेला, मी क्लच प्लेटा बसवत सगळं ऐकत होतो. तू म्हणालास एबीएस नवशिक्यांसाठी असतं, ज्याचा हात बसलाय त्याला कशाला पाहिजे. गिऱ्हाईक उभं होतं म्हणून तेव्हा बोललो नाही, पण ते डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय.

तुझ्या बोलण्यात थोडं तथ्य आहे हे आधी कबूल करतो. सुट्ट्या खडीवर, मातीत एबीएसमुळं गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकतं, म्हणून तर हिमालयनसारख्या गाडीला मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय आली. पण तू रोज जातोस तो सांगली रस्ता डांबरी आहे, आणि तिथं कुत्रं आडवं आलं की माणूस विचार करून ब्रेक मारत नाही, दचकून मारतो, मूठ आपोआप आवळते, पुढचं चाक लॉक होतं आणि एकदा का ते लॉक झालं की गाडी ना वळते ना सावरते. हात कितीही बसलेला असू दे, दचकायचं काही कुणाचं सुटत नाही. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019 पासून एबीएस सक्तीचं केलंय ते ह्याच्यासाठीच.

तू फॉर्म्युला वन बघतोस म्हणून आणखी एक सांगतो. 2018 ला ड्रायव्हरच्या डोक्याभोवती ती टायटॅनियमची कमान आली, हेलो, तेव्हा केवढी ओरड झाली होती, गाडी कुरूप दिसते, रेसिंगची मजा गेली. विरोध करणाऱ्यांत रोमां ग्रोजां पण होता. मग 2020 च्या नोव्हेंबरात बहरीनला पहिल्याच लॅपला त्याची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, पेट घेतला, आणि तो जवळपास 28 सेकंदांनी त्या जाळातनं चालत बाहेर आला. डोकं वाचलं ते त्या कमानीनं. दवाखान्यातनंच त्यानं सरळ सांगितलं की मी आधी विरोधात होतो, आज हेलो नसता तर बोलायला राहिलो नसतो. एवढ्या वेगात गाडी चालवणारा माणूस आपलं मत बदलतो, मला त्याचं फार मोठेपण वाटतं.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच, ते तुमच्या वादात कुणीच काढलं नाही. आता उसाचा सीझन सुरू होईल.

माझ्याकडं आरएक्स 100 होती तेव्हाची गोष्ट. रात्री कामावरनं घरला येत होतो, साठच्या आसपास असेन, समोरनं ट्रक अप्पर लावून आला, डोळ्यापुढं अंधारी, आणि तो पास झाल्यावर पुढ्यात उसाची ट्रॉली. पंक्चर होऊन उभी, चाकाला दगड लावलेला, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. मला पहिल्यांदा दिसली ती उसाची वाढं, ती पण अगदी तोंडापुढं आल्यावर. कॉलरबोन आणि मनगट गेलं. सकाळी भावानं जाऊन रस्त्यावरचा माझ्या टायरचा काळा पट्टा पावलांनी मोजला, चार पावलं भरली. चार पावलांत जगातला कुठला ब्रेक गाडी थांबवणार आहे? आज तिथं एबीएस असतं तरी मी धडकलोच असतो.

तेव्हापासनं मी एकच हिशेब धरलाय, तूही करून बघ. साठच्या स्पीडला सेकंदाला जवळजवळ 17 मीटर गाडी जाते, म्हणजे दिसून हात ब्रेकवर दाबेपर्यंतच्या एका सेकंदातच 17 गेले, पुढं कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक, एकूण 37. ऐंशीला तेच 22 आणि 36, एकूण 58. वेग वाढला वीसनं, पण नुसतं ब्रेकचं अंतर पावणेदोन पटीवर गेलं, कारण ते वेगाच्या वर्गानं वाढतं. आणि लो बीमला धड दिसतं किती, तर चाळीसेक मीटर, काचेवर चरे असतील तर त्याहून कमी. समोरनं लाईट अंगावर आली की तेवढंही नाही, तेव्हा ॲक्सिलरेटर सोडायचाच, मागचा कितीही हॉर्न मारू दे.

ट्रॉलीवाल्यांनी रिफ्लेक्टर लावलेच पाहिजेत, त्यांना मी स्वतः पट्ट्या चिकटवून देतो, पैसे घेत नाही. पण ज्यानं लावली नाही तीच ट्रॉली तुला आडवी येणार, हे धरूनच चालव.

अजून एक, तुझ्या हेल्मेटचं बक्कल तुटलंय, पट्टा तू नुसता गाठ मारून आत खोचतोस, मी बघितलंय. गाडीवरनं उडालास की डोक्याआधी हेल्मेट निघून जाईल. आणि एकदा जोरात आपटलेलं पण वापरू नकोस, आतला थर्माकोल एकदा दबला की दुसऱ्यांदा मार झेलत नाही, वरनं कितीही नवं दिसू दे.

रविवारी सकाळी सातला मार्केट यार्डाच्या मोकळ्या मैदानावर ये. चाळीसवरनं दोन्ही ब्रेक एकदम दाबून धरायचे, एबीएसनं लिव्हर हातात थरथरली तरी सोडायचं नाही, असं वीसेक वेळा करू. हवा तपासून ये, आणि हेल्मेट घेऊ नकोस, माझं जास्तीचं आणतो, तुझं नवं सोमवारी जाऊन बघू.

तुझा,
गॅरेजवाला काका