‘गटात स्वागत करणे’ याला मराठीत दुसरे शब्द कोणते?

नवीन माणसाला मंडळात, सोसायटीत किंवा ऑफिसात घेताना ‘स्वागत’शिवाय काय म्हणता येईल, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सामावून घेणे या शब्दाला. स्वागत दारातच संपतं, सामावून घ्यायला आतल्यांना थोडं सरकावं लागतं. याहून जिव्हाळा हवा असेल तर आपलंसं करणे. सामील करून घेणे चालेल, पण ते जरा कोरडं. दाखल करून घेणे मात्र शाळेला आणि दवाखान्यालाच ठेवा!

जुन्या मराठीत याहून रसरशीत शब्द आहेत: गोतात घेणे आणि पंक्तिपावन करणे. वाळीत टाकलेल्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यायचे, तेव्हा गोतातली माणसं त्याच्यासोबत एका पंगतीला जेवत. तो घास म्हणजेच प्रवेश. आज कुणाला गमतीनं ‘पंगतीला घेतलं’ म्हणालात तर छानच वाटेल. ‘पंक्तिपावन’ मात्र जपून, त्याला जातीचा वास आहे. आणि उलट अर्थाचं ‘वाळीत टाकणे’ अजून इतकं जिवंत आहे, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016 मध्ये कायदा करावा लागला.

निमंत्रणपत्रिकेवर लिहायचं असेल तर ‘आपल्या परिवारात सहर्ष स्वागत’ पुरे.