911 ला फोन केला तर मुलाचं काय होईल?

न्यू जर्सीत मराठी कुटुंबांसोबत काम करताना हा प्रश्न मी सतत ऐकते, आणि तो विचारताना आवाज हमखास खाली येतो. मुलाने गोळ्या घेतल्यात, हलवूनही उठत नाही. 911 या आपत्कालीन नंबरवर फोन केला तर पोलीस येतील का, त्याला नेतील का, आणि आपण व्हिसावर आहोत त्याचं काय? पुढचं कुटुंब एडिसनच्या आसपासचं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा एकोणीस वर्षांचा. खेळताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, दुखण्यासाठी ऑक्सिकोडोन हे अफूवर्गीय वेदनाशामक मिळालं. अशा तात्पुरत्या दुखण्यासाठी पहिल्यांदा पाच दिवसांपेक्षा जास्त गोळ्या लिहून द्यायच्या नाहीत, आणि सवय लागण्याचा धोका रुग्णाला समजावून सांगायचा, असा इथला 2017 पासूनचा कायदा आहे. डॉक्टरांनी तो पाळलाही. पण कायद्याचा हात प्रिस्क्रिप्शनपर्यंतच पोचतो. ते बंद झाल्यावर मुलाने कॉलेजातल्या ओळखीतून तशाच दिसणाऱ्या निळ्या गोळ्या मिळवल्या. त्यांत बहुतेक वेळा ऑक्सिकोडोन नसतंच, त्याहून कितीतरी जहाल असं फेंटानिल असतं. डीईए या अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने 2023 मध्ये तपासलेल्या फेंटानिलच्या बनावट गोळ्यांपैकी दर दहांत सात गोळ्या जीव घेऊ शकतील इतक्या जहाल निघाल्या होत्या.

"ओठ निळे पडले होते हो ताई. घशातून घरघर येत होती," आई सांगत होती. तोंडावर पाणी मारलं, गालावर चापट्या मारल्या. वडील फोन हातात धरून उभे राहिले, पण लावला नाही. मुलगा शुद्धीवर आला तो निव्वळ नशिबाने.

वडील इंजिनिअर. माझ्या आश्वासनावर त्यांचं समाधान होईना. "मला कलम दाखवा," म्हणाले. मला हे आवडलं. घाबरलेल्या माणसाला हातात काहीतरी ठोस हवं असतं. मी राज्याचा 2013 चा ओव्हरडोस प्रिव्हेन्शन अ‍ॅक्ट उघडून दिला. ओव्हरडोस झालेल्या माणसासाठी सद्‌भावनेने मदत मागणाऱ्याला, आणि ज्याला ओव्हरडोस झाला त्यालाही, अमली पदार्थ जवळ बाळगल्याबद्दल किंवा घेतल्याबद्दल अटक होत नाही, खटला होत नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि नेमकी फट शोधली. "पोलीस येणारच नाहीत, असं कुठे लिहिलंय?"

नाहीच लिहिलेलं. पोलीस येतात, बऱ्याचदा अ‍ॅम्ब्युलन्सच्या आधी येतात, आणि त्यांच्याकडे नॅलोक्सोन, म्हणजे अफूवर्गीय औषधाचा असर उलटवणारं औषध असतं. हे संरक्षण गोळ्या विकणाऱ्याला मात्र नाही. मित्राला दिलेल्या गोळीने मित्र मेला, तर देणाऱ्यावर या राज्यात पहिल्या दर्जाचा, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गातला गुन्हा लागू शकतो. पैसे घेतले नव्हते, ही सबब चालत नाही. हे मी मुलासमोरही बोलले. तो गप्प झाला.

व्हिसाचा मुद्दा वेगळा, आणि इथे खोटा दिलासा देणं मला पटत नाही. इमिग्रेशन केंद्राच्या हातात आहे. राज्याने दिलेलं संरक्षण तिथे आपोआप लागू होत नाही. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर व्हिसा आणि ग्रीन कार्ड दोन्ही अडचणीत येतात. म्हणूनच अटक आणि खटला टाळणारा हा कायदा तुमच्यासारख्यांना जास्तच मोलाचा, असं मी त्यांना म्हटलं. बाकी कुठल्या फॉर्मवर काय लिहायचं, कुणाला काय सांगायचं, हे आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ते वकिलाकडे गेले. पण ती चौकशी दिवसाउजेडी करायची असते. रात्री मूल निळं पडलेलं असताना आधी 911.

नॅलोक्सोन घरात ठेवायला आई लगेच तयार झाली. 2023 पासून चौदा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ते न्यू जर्सीतल्या योजनेतल्या औषध दुकानांत फुकट मिळतं, नावही सांगावं लागत नाही. नाकात मारायचा स्प्रे आहे. "मग फोन कशाला?" वडिलांनी विचारलं. कारण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, आणि शरीरात अफूवर्गीय औषध उरलेलं असेल तर उठून बसलेल्या मुलाचा श्वास पुन्हा थांबू शकतो.

उपचारांच्या वेळी त्यांना वेगळाच धक्का बसला. मुलगा सज्ञान, त्यामुळे त्याच्या लेखी संमतीशिवाय उपचार केंद्र आई-वडिलांनाही काही सांगेना. "आम्ही परके का?" आईचे डोळे भरून आले. पण तोच नियम केंद्राला कॉलेजला, शेजाऱ्यांना आणि मंडळातल्या लोकांनाही काही सांगू देत नाही, हे कळल्यावर तिचा राग निवळला. पुढे मुलाने आईच्या नावाची संमती दिली, वडिलांच्या नाही. त्यावर आमचं काम अजून चालू आहे.

विम्याचं जमता जमता राहिलं. 2017 चाच कायदा विमा कंपन्यांना वर्षाला 180 दिवसांचा उपचार द्यायला लावतो, पण मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांचा खर्च स्वतः उचलतात तिथे राज्याचा हा नियम लागत नाही, आणि वडिलांची कंपनी तशीच निघाली. तुमची योजना कुठल्या प्रकारची, हे एचआरला आधीच विचारून ठेवा. कुठून सुरुवात करायची सुचत नसेल तर रीचएनजे ही राज्याची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, 1-844-732-2465.

मुलगा आता ब्यूप्रेनॉर्फिन या व्यसनाची ओढ कमी करणाऱ्या औषधावर आहे आणि एक सेमिस्टर मागे पडून कॉलेजला जातोय. पुण्याहून आजीचा फोन आला की वडील अजून "गुडघा कुरकुरतोय" एवढंच सांगतात. मी ते तसंच राहू दिलंय.