वृद्धाश्रमात राहणारी माणसं एकमेकांना खरंच जीव लावतात का?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात आईला वृद्धाश्रमात ठेवावं लागणार आहे, आत्तापर्यंत तिचा सगळा दिवस देवाचं आणि दुसऱ्यांचं करण्यात गेला, आणि तिथे परक्या माणसांत ती नुसती पडून राहील का याची तुम्हाला भीती वाटते. मी सात वर्षं अशा ठिकाणी केअरटेकर होते, त्यातली चार वर्षं रात्रपाळी, आणि मजला असा की बहुतेकांना आपलं आपण उठता बसताही येत नव्हतं. म्हणून जे डोळ्यांनी बघितलंय तेवढंच सांगते.

हो, जीव लावतात. पण ते पटकन दिसत नाही, कारण शरीर जेवढं करू देतं तेवढंच करता येतं आणि ते फार थोडं असतं. घसरलेली चादर काठीच्या टोकाने वर ढकलायची. शेजारच्याचा चष्मा उशीखाली गेलाय हे मावशींना आठवणीने सांगायचं. एका आजोबांना दिसत नव्हतं आणि दुसऱ्यांना ऐकू येत नव्हतं, तर दुसरे पहिल्यांना पेपर वाचून दाखवायचे, अगदी ओरडून, आणि जेवणाची घंटा झाली की पहिले त्यांच्या गुडघ्यावर दोनदा थोपटायचे. हे कोणी ठरवून दिलेलं नव्हतं.

एक गोष्ट माझ्या मनात कायमची राहिलीय. दोन नंबरच्या बेडवरच्या आजी रात्री सारखी बेल वाजवायच्या आणि मी गेले की म्हणायच्या मला काही नकोय. एकदा पहाटे तीनला मी वैतागून जरा जोरातच बोलले, आजी, काही नको असेल तर बेल कशाला वाजवता? त्यांनी शेजारच्या बेडकडे बोट केलं. तिथल्या आजींना पार्किन्सन्स, हात इतके थरथरायचे की बेलचं बटण दाबता यायचं नाही आणि आवाज तर जवळजवळ गेलेलाच, ह्या आजारात आवाजही बारीक होत जातो. त्यांना कुशीवर वळायचं असायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि ते माझं काम होतं, त्या रात्री माझ्याकडून उशीर झाला होता. दोन नंबरच्या आजी स्वतःची झोप मोडून दुसरीच्या श्वासाकडे लक्ष ठेवून होत्या. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, अगं झोप येतच नाही, मग जागं राहून काहीतरी उपयोग नको का?

हा "उपयोग" शब्द मी तिथे इतक्या वेळा ऐकला की काय सांगू. दुखणं सहन होतं, पण आपला कोणालाच काही उपयोग नाही हे सहन होत नाही. आमच्या ट्रेनिंगमध्ये एका जुन्या अभ्यासाबद्दल सांगितलं होतं, एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन ह्या दोघींनी अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये केलेला, 1976 मध्ये छापून आला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमचे छोटे छोटे निर्णय तुम्हीच घ्या, आणि एकेक रोपटं दिलं, ते तुम्हीच सांभाळा म्हणून. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली पण पाणी नर्स घालतील असं सांगितलं. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त आनंदी आणि जास्त हिंडती फिरती दिसली. ट्रेनिंगमध्ये मी हे नुसतं लिहून घेतलं होतं, कळलं मात्र त्या बेलवाल्या आजींमुळे.

आता श्रद्धेचं. ज्याला हातपाय हलवता येत नाहीत त्यालाही दुसऱ्यासाठी प्रार्थना करता येते, आणि माझ्या मते तिथल्या माणसांना श्रद्धेचा सगळ्यात मोठा आधार हाच असतो. त्यांच्यासाठी ते काम असतं, रोजचं, वेळेवर करायचं काम. पॅरालिसिसने वाचा गेलेल्या एक आजी होत्या, हो नाही सोडून शब्द फुटायचा नाही, पण संध्याकाळी कोणी प्रार्थना म्हणायला लागलं की त्यांच्या तोंडून अख्ख्या ओळी यायच्या. घरच्यांना तो चमत्कार वाटायचा. डॉक्टरांनी समजावलं की वर्षानुवर्षं पाठ असलेलं, गाणं, आकडे मोजणं, हे मेंदू नेहमीच्या बोलण्यापेक्षा वेगळ्या वाटेने सांभाळतो, म्हणून बोलणं गेलं तरी ते कधी कधी राहतं. कारण कळलं तरी माझ्या अंगावर रोज काटा यायचा. डिमेन्शियावाल्यांचंही तसंच, दिवस मावळताना ते अस्वस्थ होतात, घरी जायचंय म्हणून दाराशी जातात, तेव्हा शेजारी बसून कोणी ओळखीचे शब्द हळू म्हटले की बरेचदा शांत व्हायचे.

सगळंच गोड असतं असं नाही. खुर्चीवरून, पंख्यावरून कडाक्याची भांडणं होतात, आठ आठ दिवस अबोला चालतो. आणि दयेचाही धोका असतो बरं का, ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांना शेजारी प्रेमाने साधं पाणी पाजतात आणि ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. त्यामुळे आईला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, कोणाला काही खायला प्यायला देण्याआधी सिस्टरला विचार, आणि कोणाला उचलायला जाऊ नकोस, दोघीही पडाल.

एक आजी वहीत नावं लिहायच्या, मजल्यावरच्या सगळ्यांची, आमची मावशी लोकांचीसुद्धा, आणि रोज संध्याकाळी सातला एकेक नाव वाचून प्रार्थना करायच्या. पुढे नजर गेली. तेव्हा समोरच्या खोलीतले एक आजोबा, देव अजिबात न मानणारे आणि तसं तोंडावर सांगणारे, वॉकर घेऊन यायचे आणि नावं वाचून द्यायचे, ते नाव वाचणार, आजी डोळे मिटून पुटपुटणार, मग पुढचं नाव. आजींनी त्यांना कधी देवाबद्दल पटवायचा प्रयत्न केला नाही. मग एकदा आजींना नऊ दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं. सातला मी औषधं द्यायला गेले तर आजोबा रिकाम्या बेडशेजारी बसून वही वाचत होते, हजेरी घेतल्यासारखी, प्रत्येक नावानंतर थोडं थांबून. आजी परत आल्या तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "एकही दिवस चुकवला नाही, दोन नवीन आलेत, त्यांचीही घातली."

तुमच्या आईच्या प्रार्थनेची वेळ तिथल्या लोकांना आधीच लिहून द्या म्हणजे त्या वेळी अंघोळ, ड्रेसिंग असलं काही ठेवणार नाहीत. मोठ्या अक्षरातली वही द्या, कानाचं मशीन असेल तर जास्तीचे सेल द्या, ऐकू आलं नाही तर ती कोणाची होणार? आणि भेटायला गेलात की तू कशी आहेस हे नंतर विचारा, आधी विचारा शेजारच्या आजी कशा आहेत. पहिले पंधरा दिवस कदाचित ती म्हणेल मला काय माहीत. विचारत राहा.